रोमन विजयकमान: दार, चबुतरा की लेखाची भिंत?

दगडफूल

रोम, पॅरिस, म्यूनिक आणि लंडन येथील विजयकमानींची छायाचित्रे व मोजमापे शेजारी शेजारी ठेवून पाहताना काही प्रश्न पडले. ते येथील जाणकारांपुढे मांडत आहे.

कमान म्हणजे दार, असे आपण गृहीत धरतो. परंतु विजयकमानीला कवाडे नसतात आणि बहुतेक वेळा तिच्या दोन्ही अंगांना तटही नसतो. तिला वळसा घालून कोणीही पलीकडे जाऊ शकते. मग एवढा दगड रचून हे दार उभे करण्यामागे हेतू कोणता होता? विजयी सेनापतीची मिरवणूक तिच्याखालून जावी म्हणून ती बांधली जाई, असे स्पष्टीकरण सर्वत्र वाचायला मिळते, पण ते पुरेसे वाटत नाही. रोममधील सम्राट टायटसची कमान त्याच्या मृत्यूनंतर, इ.स. ८१ च्या सुमारास, त्याचा भाऊ डोमिशियन याच्या कारकिर्दीत उभी राहिली. जेरुसलेमच्या विजयाची मिरवणूक मात्र इ.स. ७१ मध्येच निघून गेली होती. जी मिरवणूक दहा वर्षांपूर्वी संपली, तिच्यासाठी वाट कशाला?

दुसरा प्रश्न रचनेचा आहे. या कमानींच्या दर्शनी बाजूला जे स्तंभ दिसतात, ते खरोखर काही भार पेलतात का? आणि काही कमानींना एकच उघाड, म्हणजे आरपार जाणारी पोकळी, तर काहींना तीन, यामागे काही नियम होता का?

तिसरा प्रश्न म्हणजे, विजयाची घोषणा करणारा हा आकार विसाव्या शतकात युद्धात मेलेल्यांच्या स्मारकासाठी कसा काय वापरला गेला?

जुनी वाट

तुमच्या पहिल्या प्रश्नातील शंका अगदी योग्य जागी आहे. विजयकमान समजून घ्यायची असेल, तर आधी नजर उघाडावरून काढून माथ्याकडे न्यावी लागते. आज आपल्याला या कमानींचे माथे रिकामे दिसतात आणि म्हणून खालची पोकळी हाच त्यांचा मुख्य भाग वाटतो. रोमन माणसासाठी कमान हा प्रामुख्याने पुतळे उंचावर नेऊन ठेवण्याचा चबुतरा होता. थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात हे सरळ लिहून ठेवले आहे: स्तंभावर पुतळा ठेवण्याचा अर्थ त्या व्यक्तीला इतर मर्त्य माणसांच्या वर उचलणे असा होतो, आणि कमानींचाही तोच अर्थ आहे. कमानींना तो त्याच वाक्यात अलीकडचा शोध म्हणतो.

प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळातील सर्वांत जुनी नोंद पाहिली तरी हेच दिसते. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की, इ.स.पू. १९६ मध्ये स्पेनहून परतलेल्या लूशियस स्टर्टिनियस याने लुटीच्या पैशातून गुरांच्या बाजारात दोन आणि सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानात एक अशा कमानी उभारल्या व त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेले पुतळे बसवले. या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा तपशील असा की, स्टर्टिनियसने विजयमिरवणुकीची मागणीसुद्धा केलेली नव्हती. म्हणजे ज्या पहिल्या कमानींचा आपल्याला पत्ता लागतो, त्या बांधणाऱ्याची मिरवणूकच निघाली नव्हती. त्यानंतर इ.स.पू. १९० मध्ये सेनापती सिपिओ आफ्रिकानस याने कॅपिटोलिन टेकडीच्या वाटेवर कमान बांधली, तीही पूर्वेच्या मोहिमेवर निघण्याआधी, आणि तिच्यावरही सोनेरी पुतळे होते.

मिरवणुकीशी कमानीचा संबंध नव्हता, असे माझे म्हणणे नाही. सीनेटने मंजुरी दिल्याखेरीज सेनापतीला सैन्यासह शहराची पवित्र सीमा ओलांडता येत नसे, आणि मंजुरी मिळाल्यावर जो ठरीव मार्ग तो चालत असे, त्या मार्गावर नंतरच्या काळातील बऱ्याच कमानी उभ्या आहेत. पण त्या मिरवणुकीची सोय म्हणून उभ्या नव्हत्या; घडून गेलेली मिरवणूक कायमची त्या जागी खिळवून ठेवण्यासाठी त्या होत्या. टायटसच्या कमानीच्या आतल्या दोन भिंती याचा उत्तम पुरावा आहेत. एका बाजूच्या उठावशिल्पात जेरुसलेमच्या मंदिरातून आणलेला सात फाट्यांचा दीपस्तंभ, तुताऱ्या आणि नैवेद्याचा मेज खांद्यांवर वाहून नेणारे लोक आहेत, आणि हे लोक चालत चालत स्वतःच एका कोरलेल्या कमानीत शिरताना दाखवले आहेत. समोरच्या भिंतीवर चार घोड्यांच्या रथात टायटस उभा आहे व विजयदेवता त्याच्या मस्तकावर हार धरून आहे. या दोन शिल्पांच्या मधून जो पादचारी आजही जातो, तो त्या जुन्या मिरवणुकीच्या सोबत चालू लागतो. वर पाहिले तर खणदार छताच्या मध्यभागी गरुडाच्या पाठीवर बसून स्वर्गात जाणारा टायटस आहे. ही कमान विजयाची आहे त्याहून अधिक ती त्याच्या देवत्वाची आहे, आणि लेखातही त्याला ‘दिव्य टायटस’ असेच म्हटले आहे.

आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. प्रजासत्ताकात सेनापती स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी कमान बांधत असे. इ.स.पू. १९ मध्ये लूशियस कॉर्नेलियस बाल्बस याची मिरवणूक निघाली आणि त्यानंतर सम्राटाच्या घराण्याबाहेरच्या कोणालाही तो मान मिळाला नाही. कमानीचेही तेच झाले. पुढे लेखात अर्पण करणारा म्हणून ‘सीनेट आणि रोमन जनता’ येते आणि ज्याला अर्पण करायचे, तो सम्राट किंवा त्याच्या घरातील कोणी. विजय हे निमित्तही नेहमी नसे. रिमिनी येथील ऑगस्टसची कमान, जी इ.स.पू. २७ ची असून उभ्या असलेल्या कमानींमध्ये सर्वांत जुनी मानली जाते, ती फ्लामिनियन रस्त्याच्या दुरुस्तीबद्दल आहे, आणि अँकोना येथील ट्राजनची कमान बंदराच्या कामाबद्दल. सम्राट क्लॉडियसने ब्रिटन जिंकल्याची रोममधील कमान तर पाणी वाहून नेणाऱ्या एका कालव्याचाच भाग होती. रस्ता ओलांडताना त्या जलवाहिनीला जी कमान घ्यावीच लागणार होती, तिलाच स्मारकाचे रूप दिले गेले.

रेखाटन

रचनेच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी स्थापत्याचा विद्यार्थी आहे आणि या कमानींच्या छेदचित्रांचा अभ्यास मी आवडीने केला आहे.

तुम्ही विचारलेले स्तंभ कमानीचा भार पेलत नाहीत. खरा भार अर्धवर्तुळाकार रचलेल्या पाचरीच्या आकाराच्या दगडांवरून दोन्ही बाजूंच्या भरभक्कम पायांत उतरतो. बांधताना हे दगड लाकडी सेंटरिंगवर, म्हणजे तात्पुरत्या आधारावर, मांडले जातात आणि माथ्यावरचा शेवटचा दगड बसल्यावर सेंटरिंग काढता येते. त्या क्षणापासून प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो. परंतु हा दाब सरळ खाली जात नाही, तो तिरका बाहेरच्या दिशेला ढकलतो, आणि शेजारी तट किंवा दुसरी इमारत नसलेल्या एकट्या कमानीला हा रेटा स्वतःच्या अंगावरच जिरवावा लागतो. म्हणून तिचे पाय इतके रुंद असतात. उघाडाच्या वर जो चौकोनी, जड मजला असतो, ज्याला अ‍ॅटिक म्हणतात, त्याचेही येथे काम आहे: त्याचे वजन पायांवर उभे उतरते आणि तिरक्या रेट्याला खालच्या दिशेला वळवते. पुतळ्यांसाठी बैठक, लेखासाठी फळा आणि रेट्यासाठी वजन, अशी तिन्ही कामे हा एकच भाग करतो. ‘जुनी वाट’ यांनी माथ्याकडे पाहायला सांगितले आहे, त्याला रचनेच्या बाजूनेही पूर्ण आधार आहे.

मग स्तंभ कशासाठी? ग्रीक मंदिरात स्तंभ आणि आडवी तुळई हीच रचना असते. रोमनांनी कमानीची रचना घेतली आणि तिच्या चेहऱ्यावर मंदिराची प्रतिष्ठा आणण्यासाठी स्तंभ व तुळई चढवली. टायटसच्या कमानीत हे स्तंभ भिंतीत अर्धे रुतलेले आहेत आणि त्यांची शिरे आयोनिक वळ्या व कोरिंथियन पाने यांच्या मिश्र शैलीची आहेत. मोठ्या सार्वजनिक वास्तूवर ही मिश्र शैली वापरल्याचे हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक आहे. सव्वाशे वर्षांनी, इ.स. २०३ मध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान बांधली गेली, तेव्हा स्तंभ भिंतीपासून पूर्ण सुटे होऊन स्वतंत्र चौथऱ्यांवर पुढे आलेले दिसतात. प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर वरची तुळईही तेवढ्यापुरती पुढे येते आणि लगेच मागे जाते. उन्हात या पुढे-मागे होण्याने सपाट दर्शनी भिंतीवर खोल सावल्यांच्या उभ्या रेषा पडतात. रोममधील सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कमानीत पुढे आलेल्या या प्रत्येक टोकावर एकेका डेशियन (डॅन्यूब नदीपलीकडच्या डेशिया प्रांतातील) युद्धकैद्याचा पुतळा उभा आहे. म्हणजे स्तंभ भार पेलत असेल तर तो एवढ्या एका पुतळ्याचा.

एक की तीन उघाड, याबाबत सक्तीचा नियम नव्हता. साधारणपणे आधीच्या कमानी एका उघाडाच्या आहेत, पण फ्रान्समधील ऑरांज येथील कमान तीन उघाडांची असूनही पहिल्या शतकातील मानली जाते. फरक परिणामात आहे. टायटसची कमान सुमारे १५ मीटर उंच आणि साडेतेरा मीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ चौरस, आणि नजर थेट मधल्या पोकळीवर जाते. सेव्हेरसची कमान सुमारे २१ मीटर उंच आणि २३ मीटर रुंद आहे. मोठ्या उघाडाच्या दोन्ही बाजूंना लहान उघाड आल्यामुळे त्यांच्या वरच्या जागेत युद्धाच्या कथा सांगणारे मोठे शिल्पपट बसवता आले आणि अ‍ॅटिकवर लांबच लांब लेख मावला. तिचे अ‍ॅटिक आतून पोकळ आहे. त्यात खोल्या आहेत आणि आतल्या आत वर जाणारा जिना आहे. माथ्यावर काय होते हे त्या काळातील नाण्यांवर दिसते: घोड्यांचा रथ आणि बाजूला स्वार.

रचनेची हुशारी पाहायची असेल तर मला स्वतःला रोमपेक्षा सीरियातील पाल्मिराची कमान अधिक मोलाची वाटते. तेथे स्तंभांच्या रांगांचा मुख्य रस्ता मध्येच सुमारे ३० अंशांनी वळतो. स्थपतीने कमानीचा आराखडा त्रिकोणी केला, त्यामुळे तिचा एक चेहरा रस्त्याच्या एका भागाला काटकोनात येतो आणि दुसरा चेहरा दुसऱ्या भागाला. चालणाऱ्याला रस्ता वाकडा असल्याचे जाणवतच नाही. या कमानीखालून कोणाची मिरवणूक काढायची नव्हती. शहररचनेतील एक अडचण तिने सोडवली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटच्या लोकांनी ती स्फोटकांनी उडवली. पुढच्या वर्षी लंडनच्या ट्राफल्गार चौकात तिच्या एका भागाची संगमरवरी प्रतिकृती, मूळच्या दोनतृतीयांश आकारात, काही दिवस उभी केली होती, पण रस्त्याचे वळण जिथे नाही तिथे त्या आराखड्याची कल्पकता कळणे अवघडच होते.

शिळाक्षर

लेखाबद्दल थोडे लिहितो, कारण शीर्षकात तुम्ही लेखाची भिंत म्हटले आहे आणि माझ्या मते अनेक कमानींचे खरे मर्म तिथेच आहे.

सेव्हेरसच्या कमानीवरील अक्षरे धातूची होती. धातू गेला, पण दगडात खोदलेली घरे आणि अक्षरे पक्की करण्याची भोके शिल्लक राहिली. त्या लेखात सेव्हेरस, त्याचा थोरला मुलगा काराकाल्ला आणि धाकटा गेटा यांची नावे होती. बाप वारल्यावर इ.स. २११ च्या अखेरीस काराकाल्लाने गेटाला ठार करवले आणि साम्राज्यभर त्याचे नाव पुसण्याचा हुकूम दिला. कमानीवरील चौथ्या ओळीतले गेटाचे नाव काढून त्या जागी ‘सर्वोत्तम आणि सर्वांत शूर राजपुरुषांना’ अशा अर्थाचे शब्द बसवले गेले. नव्या अक्षरांना जागा करण्यासाठी दगड तासला गेला, परंतु जुनी भोके पूर्ण नाहीशी झाली नाहीत. त्या भोकांच्या मांडणीवरून पुसलेले नाव आज वाचता येते.

कॉन्स्टंटाइनच्या कमानीचा लेख वेगळ्या कारणाने काळजीपूर्वक वाचावा. २८ ऑक्टोबर ३१२ रोजी मिल्व्हियन पुलाजवळ त्याने मॅक्झेंशियसचा पराभव केला आणि ३१५ मध्ये ही कमान अर्पण झाली. हरलेला शत्रू परका राजा नव्हता, तो रोममध्ये राज्य करणारा रोमन होता. म्हणून लेखात त्याचे नावच नाही. ‘जुलमी’ एवढाच उल्लेख आहे. विजय कोणाच्या कृपेने मिळाला, हे सांगताना ‘दैवी प्रेरणेने’ असे शब्द आहेत, ज्यांत जुन्या देवांचे भक्त आणि ख्रिस्ती या दोघांनाही आपापला देव दिसू शकत होता. इतके जपून लिहिलेले राजकीय वाक्य दगडावर क्वचितच सापडेल.

या कमानीवरील बरीच शिल्पे उचलून आणलेली आहेत. ट्राजनच्या काळातील युद्धपट व डेशियन कैदी, हेड्रियनच्या काळातील शिकार आणि यज्ञाची आठ वर्तुळाकार शिल्पे, मार्कस ऑरेलियसच्या काळातील आठ आयताकृती शिल्पे, असा हा संग्रह आहे, आणि त्यांतील सम्राटांचे चेहरे नव्याने घडवले गेले. चित्रकार राफाएलने पोप लिओ दहाव्याला लिहिलेल्या पत्रात कमानीच्या रचनेची स्तुती केली, पण कॉन्स्टंटाइनच्या काळात घडवलेल्या शिल्पांना नावे ठेवली, आणि तेव्हापासून ‘कला खालावली म्हणून जुने दगड वापरले’ हे मत चालत आले आहे. मला ते पटत नाही. ज्या सम्राटांची कारकीर्द लोक चांगली म्हणून आठवत होते, नेमक्या त्यांचेच दगड निवडले गेले आहेत. नवा राजा त्यांच्या रांगेत बसावा, हा त्यामागचा विचार उघड आहे. नव्याने कोरलेल्या अरुंद पट्टात मिलानहून निघालेले सैन्य, व्हेरोनाचा वेढा, पुलावरची लढाई आणि रोममधील प्रवेश असा क्रम आहे. शहराकडे तोंड असलेल्या बाजूला कॉन्स्टंटाइन लोकांपुढे बोलताना व पैसे वाटताना दिसतो, अगदी मध्यभागी, समोर तोंड करून, आणि भोवती ओळींत मांडलेली लहान लहान माणसे. प्रमाणबद्ध शरीररचना येथे नाही हे खरे, परंतु सत्ता कोणाकडे आहे हे खालून पाहणाऱ्याला तत्काळ कळते.

दगडफूल

तिघांचेही मनापासून आभार. टायटसच्या कमानीबद्दल एक शंका राहिली. तिच्या छायाचित्रांत मधला भाग आणि दोन्ही कडा यांच्या दगडाचा पोत वेगळा दिसतो. तो काळाचा परिणाम आहे का?

रेखाटन

नाही, ते मुद्दाम केलेले आहे. मध्ययुगात फ्रांजिपानी घराण्याने ही कमान आपल्या तटबंदीत बांधून घेतली होती. तो भराव काढल्यावर ती एकटी उभी राहण्याजोगी उरली नव्हती. राफाएले स्टर्न याने आणि त्याच्यानंतर जुझेप्पे व्हालादिए याने १८२० च्या आसपास ती सोडवून पुन्हा रचली. मूळ भाग संगमरवराचा होता. गेलेले भाग भरताना त्यांनी ट्रॅव्हर्टिन हा साधा दगड वापरला आणि स्तंभांवरच्या खोबणीसारख्या बारीक कामाला फाटा दिला, म्हणजे जुने कोणते व नवे कोणते यात गल्लत होऊ नये. जीर्णोद्धाराच्या इतिहासात हे काम आजही आदर्श म्हणून दाखवले जाते. या कमानी आपण पांढऱ्या समजतो, तेही बरोबर नाही. २०१२ मध्ये झालेल्या तपासणीत त्या दीपस्तंभाच्या शिल्पावर पिवळ्या रंगाचे अंश सापडले.

जुनी वाट

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, ते पॅरिसपासून सुरू करावे लागेल. युरोपातील राजांनी पंधराव्या शतकापासून शहरप्रवेशाच्या समारंभांसाठी लाकूड, कापड आणि गिलाव्याच्या तात्पुरत्या कमानी उभारल्या, आणि सम्राट मॅक्सिमिलियन पहिला याने तर जर्मन चित्रकार ड्यूररकडून १९५ लाकडी ठशांतून ३६ कागदांवर छापलेली, जोडल्यावर साडेतीन मीटर उंच होणारी कमान करून घेतली. दगडात हा आकार नव्या जोमाने परत आणण्याचे श्रेय पॅरिसला जाते. १६७२ च्या सेंट डेनिस द्वारात स्थपती फ्रांस्वा ब्लोंदेल याने स्तंभ काढून टाकले, दर्शनी भाग सुमारे २४ मीटरचा चौरस केला आणि उघाडाची रुंदी त्याच्या एकतृतीयांश ठेवली.

ऑस्टरलिट्झच्या लढाईनंतर नेपोलियनने १८०६ मध्ये पॅरिससाठी जी मोठी कमान मागितली, तिच्यासाठी स्थपती शालग्राँ यानेही शेवटी स्तंभ वगळले. ती सुमारे ५० मीटर उंच आणि ४५ मीटर रुंद आहे, आणि मधला उघाड रुंदीच्या बरोबर दुप्पट उंच, म्हणजे साधारण २९ मीटर. १८१० मध्ये नेपोलियनच्या दुसऱ्या विवाहाच्या वेळी पायाच्या वर फारसे काही झालेले नव्हते, म्हणून लाकूड आणि कापडाची पूर्ण आकाराची कमान उभी करून वधूला तिच्याखालून नेले. शालग्राँ १८११ मध्ये वारला, नेपोलियनचे राज्य गेले, आणि काम पूर्ण झाले १८३६ मध्ये, लुई फिलिपच्या काळात. ज्याच्या विजयासाठी ती योजली, तो तोपर्यंत सेंट हेलेनावर मरण पावला होता. येथून पुढे कमान एका माणसाची राहिली नाही. तिच्या भिंतींवर लढायांची आणि सेनानींची नावे कोरली गेली. ११ नोव्हेंबर १९२० रोजी अज्ञात सैनिकाची शवपेटी तेथे आणली गेली, पुढच्या जानेवारीत तिचे कमानीखाली दफन झाले आणि १९२३ पासून तेथे अखंड ज्योत आहे. दफनानंतर सैन्याच्या मिरवणुका कमानीखालून न जाता तिला वळसा घालून जाऊ लागल्या.

ब्रिटिश स्थपती एडविन ल्यूटियन्सने हा बदल रचनेतच आणला. दिल्लीच्या इंडिया गेटवर, जे १९३१ मध्ये खुले झाले, तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, पण तिथे आकार अजून ओळखीचा आहे. फ्रान्समधील सोम नदीजवळील थिएप्व्हाल येथे १९३२ मध्ये अनावरण झालेल्या स्मारकात मात्र त्याने मोठ्या कमानीच्या पायांतून काटकोनात लहान कमान नेली, तिच्या पायांतून त्याहून लहान, आणि प्रत्येक लहान कमानीचा माथा मोठीची वक्ररेषा जिथून सुरू होते त्या पातळीवर ठेवला. यामुळे एकसंध पायाऐवजी सोळा पाय झाले आणि त्यांच्या अनेक बाजूंमुळे बहात्तर हजारांहून अधिक नावांसाठी भिंती मिळाल्या. एकाच लेखाचा फळा डोक्यावर घेणारी कमान येथे खालपासून नावांनी भरली.

म्यूनिकच्या विजयद्वाराचे उदाहरण याहून थोडक्यात सांगता येते. १८५२ मध्ये पूर्ण झालेली ही कमान दुसऱ्या महायुद्धात मोडली. दक्षिण बाजूची शिल्पे पूर्ववत न करता तेथे कोरी भिंत ठेवली आणि तिच्यावर कोरले: ‘विजयाला अर्पिलेले, युद्धाने उद्ध्वस्त केलेले, शांततेची आठवण देणारे’.

शिळाक्षर

पॅरिसच्या मोठ्या कमानीच्या माथ्याविषयी एक पुरवणी जोडतो, कारण चर्चेची सुरुवात माथ्यापासूनच झाली आहे. तेथे आज पुतळा नाही, पण ठेवण्याचा विचार पुढे अनेक वर्षे चालू होता. १८८२ मध्ये शिल्पकार फाल्गिएर याचा क्रांतीच्या विजयाचा भव्य रथ गिलाव्यात पूर्ण आकाराने वर चढवला होता, पुढे तो ब्राँझमध्ये ओतण्याच्या हेतूने. हवापाण्याने तो खचू लागला आणि १८८६ मध्ये उतरवावा लागला. त्यानंतर त्या जागी कायमचे शिल्प आले नाही, आणि आता लोक तिथवर जिन्याने चढून शहर पाहतात. जवळच लूव्ह्रसमोर असलेल्या लहान कारुसेल कमानीवर नेपोलियनने व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चचे चार प्राचीन घोडे बसवले होते. १८१५ मध्ये ते व्हेनिसला परत करावे लागले आणि आज तिच्यावर दिसतो तो रथ १८२८ मधील, शिल्पकार बोझिओचा आहे.